भरतीवाचून डबके : घरगुती सागरी मत्स्यालय आणि अधिवासाची प्रतिकृती

नैसर्गिक अधिवासाची प्रतिकृती ठरेल असे खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय घरी उभारावयाचे म्हटले म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्ती उभी राहते. झगमगीत रंगांचे मासे, डोलणारी समुद्रपुष्पे आणि निळसर प्रकाश असे ते चित्र असते. मत्स्यालयांच्या व्यापाराने ते इतके रूढ केले आहे की, समुद्र म्हणजे हेच असा समज व्हावा. कोकणच्या किनाऱ्याशी मात्र या चित्राचे नाते फार थोडे आहे. महाराष्ट्रातील अभ्यासकाला पायी जाऊन ज्याचे निरीक्षण करता येते, ऋतुपरत्वे ज्याची मोजमापे घेता येतात, असा अधिवास निराळाच आहे. तो म्हणजे ओहोटीच्या वेळी कातळाच्या खळग्यांत साचून राहणारी खाऱ्या पाण्याची डबकी. मुंबई, अलिबाग, मुरूड, रत्नागिरी, मालवण या परिसरांतील खडकाळ किनाऱ्यांवर, उत्तरेकडे काळ्या कातळात आणि दक्षिणेकडे पुष्कळ ठिकाणी जांभ्यातही, ती आढळतात. घरी प्रतिकृती करावयाची तर ती या डबक्याची करावी. ती प्रामाणिकपणे करता येण्याजोगी आहे. प्रवाळभित्तीची प्रतिकृती शे-दीडशे लिटर पाण्यात बहुधा शोभेपुरतीच उरते.

या निवडीला सोयीपलीकडचे कारण आहे. खडकातील डबके हे निसर्गतःच एक लहान भांडे आहे. त्यातील प्राण्यांना तापमान, लवणता आणि प्राणवायू यांतील मोठे चढउतार रोज सोसावे लागतात. उघड्या समुद्राच्या पाण्याचे तापमान दिवसभरात एखाद्या अंशाने हलते. डबक्यातील पाणी मे महिन्यातील दुपारच्या ओहोटीत काही तासांत कितीतरी अधिक तापते. दिवसा शैवालांच्या प्रकाशसंश्लेषणामुळे कार्बन डाय-ऑक्साइड वापरला जातो आणि पाण्याचा पीएच समुद्राच्या सुमारे ८.१ वरून वर सरकतो. शैवालांनी भरलेल्या डबक्यांत तो ९ च्याही पलीकडे गेल्याची उदाहरणे आहेत. रात्रीच्या ओहोटीत उलट घडते. श्वसन चालू राहते, प्राणवायू घटतो, पीएच उतरतो. पावसाळ्यात वरून गोडे पाणी पडते, उन्हाळ्यात बाष्पीभवनाने मीठ दाटते. या सर्व हेलकाव्यांतून निभावलेले प्राणी घरगुती मत्स्यालयातील किरकोळ चुका सहन करतील, अशी अपेक्षा करण्यास जागा आहे.

परंतु येथेच एक फसवणूक दडलेली आहे, आणि बहुतेक घरगुती प्रयोग तिच्यापायीच बुडतात. डबक्यातील प्राणी कणखर असतात हे खरे. पण ते कणखर असतात ते काही तासांपुरते. प्रत्येक प्रतिकूल अवस्थेला तेथे मुदत असते. पश्चिम किनाऱ्यावर दोन भरतींमधील अंतर सरासरी १२ तास २५ मिनिटांचे असते. मधल्या आणि खालच्या पट्ट्यातील डबक्यावर दिवसातून बहुधा दोन वेळा समुद्र चढतो आणि त्यातील जवळजवळ सर्व पाणी बदलून टाकतो. तापलेले पाणी जाते, साचलेला अमोनिया जातो, वापरले गेलेले कॅल्शियम परत येते, गाळून खाणाऱ्या प्राण्यांसाठी प्लवक येतात. डबके टिकते ते त्याच्या भिंतींमुळे नव्हे, तर भरतीमुळे. काचेच्या पेटीत भिंती तेवढ्या आणल्या आणि भरती किनाऱ्यावर राहिली, तर हाती येते ते अनंतकाळ लांबलेल्या ओहोटीतील डबके. तेव्हा घरगुती प्रतिकृतीचा खरा प्रश्न दगड कसे रचावेत हा नसून, भरतीचे काम कोणाकडून करून घ्यावे हा आहे.

हा प्रश्न मत्स्यालयांइतकाच जुना आहे. १८४६ मध्ये ॲना थिन या इंग्रज विदुषींनी टॉर्की येथील किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्र दूर आणि पाणी मोजके; तेव्हा त्यांच्या घरची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात पुनःपुन्हा ओतीत असे. पुढे थिनबाईंनी पाण्यात सागरी वनस्पती ठेवण्यास प्रारंभ केला आणि मोलकरणीचे कष्ट कमी झाले. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई यांचा समतोल साधलेल्या गोड्या पाण्याच्या पात्राचे वर्णन लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडले. फिलिप हेन्री गॉस याने हाच विचार समुद्राच्या पाण्याला लावला आणि १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने इंग्लंडात मत्स्यालयांचे वेडच पसरविले. वनस्पती प्राणवायू देतील, प्राणी कार्बन डाय-ऑक्साइड देतील आणि पात्र आपोआप चालेल, ही कल्पना त्या काळी अत्यंत मोहक वाटली. ती अर्धीच खरी होती.

त्याच काळातील दुसरे एक उदाहरण अधिक बोलके आहे. स्कॉटलंडमधील सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ मध्ये नॉर्थ बेरिक येथील किनाऱ्यावरून एक समुद्रपुष्प आणले आणि एका लहानशा काचेच्या बरणीत ठेवले. डॅलियेल वारले, बरणी एकाकडून दुसऱ्याकडे गेली, आणि ‘ग्रॅनी’ म्हणून प्रसिद्ध झालेला तो प्राणी १८८७ पर्यंत, म्हणजे सुमारे ५९ वर्षे, जगला. या अवधीत त्याला शेकडो पिले झाली. त्या बरणीत गाळणी नव्हती, पंप नव्हता, वनस्पतींचा समतोलही नव्हता. खाणे बेताचे मिळे आणि पाणी वरचेवर बदलले जाई. म्हणजे भरतीचे काम माणसाचा हात करीत होता, आणि एवढ्यावर साठ वर्षे निघाली. आजच्या महागड्या उपकरणांच्या जाहिराती वाचणाऱ्याने या बरणीची आठवण ठेवलेली बरी.

पाणी बदलण्याचा हिशेब साधा आहे, तथापि तो क्वचितच मांडला जातो. पेटीत दर आठवड्यास एखाद्या टाकाऊ पदार्थाची, समजा नायट्रेटची, ‘अ’ एवढी भर पडते आणि दर आठवड्यास पाण्याचा ‘फ’ एवढा अंश बदलला जातो असे धरू. काही काळाने जी स्थिरावस्था येते, तीत पाणी बदलण्यापूर्वीचे प्रमाण ‘अ भागिले फ’ इतके असते. शेकडा १० पाणी बदलणाऱ्याच्या पेटीत अखेर दहा आठवड्यांची घाण कायमची मुक्कामास राहते. शेकडा २५ बदलणाऱ्याच्या पेटीत चार आठवड्यांची. ही अवस्था एकदम येत नाही. शेकडा १० च्या हिशेबाने पहिल्या महिन्याअखेर तिचा सुमारे एक तृतीयांश गाठला जातो आणि सहा महिन्यांत नऊ दशांशांहून अधिक. पहिला महिना सुखाने गेला म्हणून निश्चिंत झालेल्या हौशी माणसाची पेटी सहाव्या महिन्यात ‘अचानक’ का बिघडते, याचे उत्तर बहुधा या भागाकारात असते. वापरल्या जाणाऱ्या द्रव्यांची तूटही याच नियमाने वाढते. शंख वाढविणारे मृदुकाय प्राणी आणि खडकावर गुलाबी थर धरणारी चुनखडीयुक्त शैवाले कॅल्शियम व कार्बोनेट शोषून घेत असतात, आणि ते भरून काढण्याचा सर्वांत सोपा मार्ग पुन्हा नवे पाणी हाच.

प्रत्यक्ष मापे घेऊन पाहू. ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच अशी पेटी ४० सेंटिमीटरांपर्यंत भरली तर १६२ लिटर होतात. दगड-वाळूने व्यापलेली जागा वजा करता निव्वळ पाणी सुमारे १३० लिटर उरते. पाणी, दगड आणि काच मिळून वजन २०० किलोग्रॅमच्या वर जाते, हे मेज निवडण्यापूर्वी लक्षात घ्यावे. आठवड्यास पंचमांश पाणी बदलावयाचे तर २६ लिटर लागतील, म्हणजे दोन बादल्या. ज्या घरी हे वर्षभर होण्याजोगे नाही, तेथे पेटी लहान करून काहीच साधत नाही. प्राणीच कमी करावे लागतात, म्हणजे सूत्रातील ‘अ’ घटतो.

हे पाणी आणावे कोठून? किनाऱ्यावरचे पाणी सर्वांत स्वाभाविक. परंतु मोठ्या शहरांजवळचे पाणी सांडपाण्याने दूषित असते आणि पावसाळ्यात ते गढूळ व पुष्कळ कमी खारट होते. यास्तव शहरवासीयाला कृत्रिम सागरजलाचाच आधार घ्यावा लागतो. मिठागरातील मीठ विरघळविले म्हणजे समुद्र झाला, असे मात्र समजू नये. समुद्राचे पाणी आटू लागले म्हणजे प्रथम चुनखडी बाहेर पडते; आकारमान सुमारे चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर आले की जिप्सम बसू लागते; सुमारे दहाव्या हिश्श्यावर आल्यावर मीठ धरते. मिठागराच्या आगरांची उतरंड याच क्रमावर आधारलेली असते. मीठ ओढून घेतल्यावर उरणाऱ्या कडू पाण्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम राहून जाते. अर्थात मिठागरातून हाती येणारे मीठ म्हणजे दोन्ही टोके कापलेला समुद्र. कॅल्शियम आधी गेले, मॅग्नेशियम नंतर गेले.

खऱ्या सागरजलात, दर किलोग्रॅमात ३५ ग्रॅम क्षार असताना, क्लोराइड सुमारे १९.४ ग्रॅम, सोडियम १०.८, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३ आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी सुमारे ०.४ ग्रॅम असते. ‘चॅलेंजर’ नौकेने जगभरातून आणलेल्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण करून डिटमार याने १८८४ मध्ये दाखवून दिले की, एकूण लवणता कमी-अधिक झाली तरी या प्रमुख घटकांचे परस्पर प्रमाण जवळजवळ स्थिर असते. कृत्रिम मिश्रणाची कसोटी हीच. गॉसने आपल्या कृतीत मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड एवढीच चार द्रव्ये घेतली होती. चुना त्याने वगळला होता. आजची तयार मिश्रणे यापेक्षा पुष्कळ पूर्ण असतात. १३० लिटरांसाठी सुमारे पावणेपाच किलोग्रॅम मिश्रण लागते. नळाचे पाणी वापरल्यास त्यातील क्लोरिन आधी काढून टाकावा. २५ अंशांवर विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६ आले म्हणजे लवणता ३५ च्या आसपास झाली असे समजावे.

एक गोष्ट नवख्यांना वारंवार सांगावी लागते. बाष्पीभवनाने पाणी जाते, मीठ जात नाही; म्हणून रोजची घट गोड्या पाण्यानेच भरावी. उन्हाळ्यात रोज दोन लिटर आटत असतील आणि घरची मंडळी पाच दिवस परगावी गेली, तर १३० चे १२० लिटर होतात आणि लवणता ३५ वरून जवळजवळ ३८ वर जाते. डबक्यातील प्राणी एका दुपारपुरते हे सहज सोसतात. आठवडाभर सोसतीलच असे नाही.

दगडांच्या बाबतीत शास्त्राबरोबर कायद्याचाही विचार करावा लागतो. १९६१ मध्ये जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रातील सजीवांनी वेढलेले खडक, भरपूर प्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्या साधनांवर ते पेटी राखीत असत. ‘जिवंत खडक’ ही कल्पना तेव्हापासून जगभर पसरली. भारतात तिचे अनुकरण सरसकट करता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या अनुसूचींत २००१ मध्ये भित्ती रचणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्री घोडे, समुद्री काकड्या इत्यादींचा समावेश झाला. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली, तरी प्रवाळांचे संरक्षण कायम आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, आणि तेथून काहीही उचलणे वर्ज्य होय. अन्यत्रही गोळा करण्यापूर्वी वन व मत्स्यव्यवसाय खात्यांकडे चौकशी केलीच पाहिजे. कायदा बाजूस ठेवला तरी इतिहासाचा इशारा पुरेसा आहे. गॉसच्या ग्रंथाने भारावलेल्या हौशी संग्राहकांनी डेव्हनच्या किनाऱ्यावरील डबकी इतकी लुटली की, त्याच्या मुलाने, एडमंड गॉस याने, १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘फादर अँड सन’ या पुस्तकात त्या उजाड किनाऱ्याबद्दल खेद व्यक्त केला. ज्या अधिवासावरील प्रेमामुळे प्रतिकृती करावयाची, त्याचाच विध्वंस त्या प्रेमातून झाला होता.

तेव्हा दगड निर्जीवच घ्यावेत, आणि तेही किनाऱ्यावरून नव्हे. काळ्या बसाल्टचे ओबडधोबड तुकडे उत्तम. ते पाण्यात फारसे काही सोडत नाहीत आणि उत्तर कोकणच्या कातळाशी त्यांचे सजातीयत्वही असते. जांभा दिसावयास कोकणी खरा, परंतु तो ठिसूळ आणि लोहयुक्त असल्यामुळे बंदिस्त पाण्यात टाळलेला बरा. खाऱ्या पाण्यातून निघालेला कोणताही दगड शुद्ध करण्यासाठी उकळू नये. कोकणातील खडकांवर चादरीसारखे पसरणारे झोअँथिड वर्गातील प्राणी विपुल असतात. त्यांपैकी पॅलिथोआ या प्रजातीतील काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. १९७१ मध्ये हवाईतील नमुन्यांतून ते वेगळे करण्यात आले. अशा दगडांच्या वाफेने घरातील माणसांना गंभीर विषबाधा झाल्याच्या घटना वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेल्या आहेत.

कोरे दगड आणि कोरे पाणी यांत लगेच प्राणी सोडणे म्हणजे त्यांचा अंत ओढवणे होय. माशांचे नायट्रोजनयुक्त उत्सर्जन बहुतांशी अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे बाहेर पडते. अमोनियाचे आयनरहित रूप विशेष विषारी असते, आणि त्याचे प्रमाण पीएच व तापमान यांबरोबर वाढते. पीएच ७ असलेल्या गोड्या पाण्यात एकूण अमोनियापैकी शेकडा एकाहूनही कमी भाग या रूपात असतो, पीएच ८.२ आणि तापमान २७-२८ अंश असलेल्या सागरजलात तो शेकडा ७-८ होतो. गोड्या पाण्यात चालून गेलेली चूक येथे दसपटीने महाग पडते ती यामुळे. समुद्रात हा अमोनिया भरतीबरोबर विरून जातो. पेटीत त्याचे रूपांतर सूक्ष्मजीवांकडून करून घ्यावे लागते. नायट्रीकरण करणारे जीवाणू विनोग्राडस्की याने १८९० च्या सुमारास वेगळे केले, आणि दीर्घकाळ असे मानले गेले की, एका गटाने अमोनियाचे नायट्राइट करावे आणि दुसऱ्याने नायट्राइटचे नायट्रेट करावे, एवढीच ही साखळी आहे. ते चित्र आता बरेच बदलले आहे. २००५ मध्ये अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारा आर्किया गटातील एक सूक्ष्मजीव प्रथमच शुद्ध स्वरूपात वाढविण्यात आला. नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हे त्याचे नाव. त्याचा मूळ नमुना सिअ‍ॅटल येथील मत्स्यालयाच्या सागरी टाकीतून घेतलेला होता. खुल्या महासागरातील नायट्रोजनचक्रात या गटाचा वाटा किती मोठा आहे हे त्यानंतर स्पष्ट होत गेले. पुढे २०१५ मध्ये अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतची सारी क्रिया एकटाच करणारा नायट्रोस्पायरा जीवाणूही सापडला. मत्स्यालयाची टाकी ही केवळ करमणुकीची वस्तू नव्हे, याला यापरता पुरावा नको.

व्यवहारात करावयाचे ते एवढेच. पाणी, दगड आणि बारीक वाळू घालून पंप सुरू करावा. अमोनियम क्लोराइडच्या द्रावणाने अमोनियाचे प्रमाण लिटरास सुमारे २ मिलिग्रॅम करावे. आणि वाट पाहावी. आधी अमोनिया उतरतो, नायट्राइट चढते, मग तेही उतरते. टाकलेला अमोनिया एका दिवसात नायट्राइटसह नाहीसा होऊ लागला म्हणजे पेटी प्राण्यांसाठी सिद्ध झाली. यास चार ते आठ आठवडे लागतात, कधी अधिकही. या अवधीत दाखविण्यासारखे काहीच नसते आणि पाहुणे दगड पाहून जातात. ते चालवून घ्यावे.

प्रकाशाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. एल.ई.डी. दिवे दहा-बारा तास पुरतात. खिडकीतील ऊन उष्णतेमुळे टाळावे. शैवालांकडे मात्र लक्ष द्यावे. उल्व्हासारखी हिरवी शैवाले नायट्रेट शोषून झपाट्याने वाढतात, आणि वाढलेला भाग कापून बाहेर काढला म्हणजे तेवढा नायट्रोजन पेटीबाहेर गेला. स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर ॲडी यांनी शैवालांच्या हिरवळीवर लाटांसारखे पाणी सोडून प्रवाळभित्तीची मोठी प्रतिकृती चालविली, ती याच तत्त्वावर. कापणे हे या पद्धतीचे मर्म होय. न कापलेले शैवाल शेवटी तेथेच कुजते. येथे आणखी एक गोष्ट उद्भवते. कोकणच्या किनाऱ्यावर शैवालांचा बहर पावसाळा संपल्यानंतर हिवाळ्यात असतो, आणि जून ते सप्टेंबर लाटांच्या माऱ्याने खडक पुष्कळसे उघडे पडतात. पेटीत आपण बारमाही पौष नांदवीत असतो. प्रतिकृती वर्षातील कोणत्या ऋतूची आहे, हे निदान नोंदवहीत तरी लिहून ठेवावे.

प्राण्यांची निवड करताना डबक्यातील सर्वांनाच आमंत्रण देण्याचा मोह आवरावा लागतो. बार्नॅकल आणि कालवे खडकांवर सर्वत्र दिसतात, पण ती प्लवकांवर जगतात, आणि प्लवक भरतीबरोबर येतात. बंदिस्त पेटीत ती हळूहळू उपाशी मरतात आणि मेल्यावर पाणी नासवितात. अधिवासाच्या दृष्टीने ती अत्यंत योग्य आणि पेटीच्या दृष्टीने अत्यंत अयोग्य, असा हा विरोध आहे. पट्टेरी अब्युडेफडफची पिले डबक्यात चपळाईने फिरतात. मोठेपणी ती वीतभर होतात आणि इतरांना जगू देत नाहीत. विदूषक मासा हल्ली संवर्धन केंद्रांत पैदा होतो, म्हणून तो पाळण्यात दोष नाही. पण कोकणच्या डबक्याच्या प्रतिकृतीत त्याचे काही काम नाही. उरतात ते थोडे, पण पुरेसे आहेत. शैवाल खरडणाऱ्या नेरिटा आणि ट्रोकस जातींच्या गोगलगाई, सातआठ लहान संन्यासी खेकडे, एखाददुसरे समुद्रपुष्प, आणि बाथिगोबियससारखे तळाशी बसून राहणारे दोन गोबी. संन्यासी खेकड्यांसाठी वाढत्या आकाराचे रिकामे शंख ठेवावेत; नसल्यास ते गोगलगाईंना मारून शंख मिळवितात. गोबी पंखांच्या चूषकाने खडकाला चिकटून राहतो, त्याचा रंग कातळात मिसळून जातो, आणि पाहुण्यांना तो दाखवावा लागतो. ज्याला डबक्याचा अभ्यास करावयाचा आहे त्याला यापेक्षा चांगला सोबती नाही.

खरी परीक्षा असते ती एप्रिल-मे महिन्यांत. उष्णता वाढली की प्राण्यांची प्राणवायूची गरज वाढते आणि पाण्याची तो धरून ठेवण्याची शक्ती घटते. सागरजलात २० अंशांवर लिटरास सुमारे ७.४ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांवर सुमारे ६. रात्री शैवालेही श्वसन करतात, त्यामुळे पहाटेचा प्रहर सर्वांत धोक्याचा. पृष्ठभाग ढवळणारा पंप सतत चालू असावा, आणि वीज गेल्यास चालेल असा बॅटरीवरील हवापंप जवळ ठेवावा. पृष्ठभागावर पंख्याचा झोत सोडणे हा थंडाव्याचा स्वस्त उपाय. एक लिटर पाण्याच्या बाष्पीभवनास सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते, आणि १३० लिटर सागरजल एक अंशाने थंड करण्यास सुमारे ५३०. म्हणजे बाहेरून उष्णता येत नसती, तर एक लिटर आटल्याने पाणी चार अंशांहून अधिक उतरले असते. प्रत्यक्षात ती येत राहते आणि दोन-तीन अंशांचा लाभ होतो. पुण्याच्या कोरड्या एप्रिलात ही युक्ती चांगली चालते. मुंबईच्या दमट मे महिन्यात तिचा गुण बराच कमी होतो. ज्यांना शीतकयंत्र परवडत नाही, त्यांनी मुंबईत समुद्रपुष्पाचा विचार सोडून गोगलगाई व खेकडे यांवर समाधान मानावे.

काही अभ्यासकांना पेटीत दिसणारी भरती-ओहोटी हवी असते, आणि ती करणे अवघड नाही. खाली ६० लिटरांची दुसरी टाकी ठेवावी, आणि कालदर्शक कळीवर चालणाऱ्या पंपाने सहा तासांत ३० लिटर पाणी खाली उतरवावे, पुढील सहा तासांत वर चढवावे. ९० गुणिले ४५ सेंटिमीटर क्षेत्राच्या पेटीत यामुळे पातळी सुमारे साडेसात सेंटिमीटर हलते. दगडांनी अडविलेली जागा धरता थोडी अधिक. मुंबईस उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील अंतर चार मीटरांपलीकडे जाते, त्या मानाने हे नगण्य. तथापि नेरिटा पाण्याची रेषा ओळखून कशा वरखाली सरकतात, हे पाहण्यास ते पुरते. उधाण आणि भांग यांची चांद्र लयही कळ फिरवून आणता येते. वर्तनाच्या अभ्यासाला ही सोय मोलाची आहे. परंतु हे पाणी तेच पाणी आहे, एका टाकीतून दुसरीत गेलेले. साडेसात सेंटिमीटरांची ही भरती एकही मिलिग्रॅम नायट्रेट घराबाहेर नेत नाही. ते काम शनिवारच्या दोन बादल्याच करतात, आणि यंत्र बसविल्यावर बादल्यांचा विसर पडतो असा या यंत्राचा एक दोष आहे.

पेटी मोडावयाची वेळ आल्यास प्राणी किंवा शैवाले समुद्रात सोडून देऊ नयेत, मग ती मूळची त्याच किनाऱ्याची का असेनात. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालील पाण्यात कॉलर्पा टॅक्सिफोलिया या मत्स्यालयातील शैवालाचा लहानसा पुंजका दिसला, आणि पुढे ते भूमध्य समुद्रात दूरवर पसरले. प्राणी दुसऱ्या अभ्यासकाला किंवा प्रयोगशाळेला द्यावेत. शैवाले उन्हात पूर्ण वाळवून टाकावीत. बदललेले पाणी मोरीत ओतावे, बागेत नको, कारण त्यातील मीठ मातीत राहते.